हातांचं काय करू?

एका दुपारी फोटोग्राफीच्या मॅडमसमोर बारा प्रिंट मांडले. पोर्ट्रेटचा प्रोजेक्ट, दोन महिन्यांची मेहनत. त्यांनी एकेक उचलून पाहिला, खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "यातल्या कुणालाच हात नाहीत का गं?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हते. बाराच्या बारा जण छातीपाशी संपले होते.

सांगायला तांत्रिक सबब होतीच. ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर १.८, म्हणजे लेन्सचं तोंड चांगलंच उघडं. दोन मीटरवरून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर खोलीच काय ती फोकसमध्ये येते. डोळे धरले की कान सुटतात, हात तर लांबच राहिले. पण खरं कारण वेगळं होतं. समोर बसलेला प्रत्येक जण पहिल्याच मिनिटाला विचारायचा, "हातांचं काय करू?" आणि मला उत्तर यायचं नाही. म्हणून मी क्रॉप करत गेले. एरवी भाजी निवडताना, फोनवर बोलताना, भांडताना कुणाला हातांचा प्रश्न पडत नाही. कॅमेरा दिसला की ते कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे अंगाला लटकायला लागतात.

मी तरी कुठे वेगळी? चौथीतल्या वर्गाच्या फोटोच्या दिवशी माझ्या उजव्या हातावर शाई सांडली होती. फोटोवाले काका ओरडत होते, "हात गुडघ्यावर, हात गुडघ्यावर!" डावा ठेवला, उजवा पाठीमागे दडवला. फोटो घरी आला तेव्हा आईने माझा चेहरा पाहिलाच नाही. "हात कुठे गेला तुझा?" एवढंच. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना तो फोटो दाखवताना "नाही हो, दोन्ही आहेत" असं सांगावं लागायचं.

माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून जो दाखवतात तो फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या फ्रेंच दाग्येरचा, १८३८ सालचा, पॅरिसच्या रस्त्याचा. एक्स्पोजर मिनिटांचं, त्यामुळे रस्त्यावरची सगळी वर्दळ पुसली गेली. बुटांना पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. आणि पॉलिश करणारा? त्याचा झाला नुसता अस्पष्ट डाग. हात चालू होते ना त्याचे! वर्गात हे ऐकलं तेव्हा लिहून घेतलं आणि विसरले. आता राग येतो. कामाच्या माणसाने हलायचं नाही, हा कुठला न्याय?

जर्मन फोटोग्राफर ऑगस्ट झांडरला बहुतेक हे कळलं असावं. १९२८ सालचा त्याचा तो पेस्ट्री करणारा गलेलठ्ठ आचारी बघा: एका हातात भांडं, दुसऱ्यात डाव, आणि नजर अशी की भांडं आपलं आहे आणि फोटोवाला उपरा. त्याने झांडरला हातांबद्दल काही विचारलं असेल असं वाटत नाही.

मग मीही दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला काहीतरी करायला दिलं. एकीला सुईत दोरा ओवायला, एकाला सायकलची उतरलेली चेन बसवायला. शटर मुद्दाम संथ ठेवलं, एका सेकंदाचा पंधरावा भाग. निम्मे फोटो वाया गेले. बाबांना चष्मा पुसायला सांगितला, तर चष्म्याशिवायचे बाबा मलाच ओळखू येईनात. हात मात्र अगदी त्यांचेच, गोल गोल फिरणारे, धूसर.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगच्या १९३६ सालच्या 'मायग्रंट मदर' या प्रसिद्ध फोटोतल्या आईचा गालाशी टेकलेला हात सगळ्यांना आठवतो. त्या फोटोत आणखी एक हात आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला अंगठा. तो लँगला खुपत राहिला आणि नंतर तिने निगेटिव्हवरच तो घालवून टाकला. तरी निरखून पाहिलं की त्याची पुसट खूण दिसते.

ती खूण पुस्तकात शोधत होते तेव्हा मला आमच्या भिंतीवरचा आजीचा फोटो आठवला. एका ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. तिचे स्वतःचे हात त्यात नाहीतच. पण डाव्या खांद्यावर एक राखाडी ठिपका आहे, रंग उडाल्यासारखा. मी इतकी वर्षं तो डागच समजत होते. काल स्टूल घेऊन चढले आणि जवळून पाहिला. चार बोटं आहेत. स्टुडिओवाल्याने ब्रशने झाकलेली.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "माझा हात तो." काका म्हणाले, छे, त्यांचा. बाबा काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मूळ फोटो कुणाकडेच नाही.