तुम्ही विचारलंत म्हणून: मिरजेत एवढी हॉस्पिटलं कशी?

मी मिरजेचा म्हटलं की समोरचा माणूस हमखास दोन वाक्यं बोलतो. पहिलं, "आमच्या काकांचं ऑपरेशन तिथंच झालं होतं" आणि दुसरं, "एवढ्याशा गावात एवढी हॉस्पिटलं कशी काय हो?" परवा एका लग्नात पंगतीत पुन्हा हेच झालं, तिथं घाईघाईत काहीतरी सांगितलं पण ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता नीट सांगतो.

आमचं जुनं घर स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. लहानपणी पहाटे पहाटे दार वाजायचं, बाहेर कोणीतरी पेशंटला धरून उभं, हातात पिशवी, बगलेत वळकटी, आणि प्रश्न एकच, "मिशन कुठं आलं हो?" निम्मे लोक कानडी बोलणारे. आजीला कानडीतलं "बर्री, कुंदर्री" (या, बसा) एवढंच यायचं, पण तेवढ्यावर ती त्यांना कट्ट्यावर बसवायची, तांब्याभर पाणी द्यायची आणि हाताच्या खुणेनं रस्ता दाखवायची. गावातल्या रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना आजही "मिशन" म्हटलं की कळतं.

हे मिशन म्हणजे वॉन्लेस हॉस्पिटल. डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस हे मूळचे कॅनडाचे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून १८८९ साली भारतात आले. तेव्हा मिरज हे पटवर्धनांचं छोटं संस्थान. १८९४ ला हॉस्पिटल उभं राहिलं. पण माझ्या मते खरी मोठी गोष्ट त्याच्यानंतरची आहे, कारण वॉन्लेस नुसते ऑपरेशनं करत बसले नाहीत, १८९७ पासून त्यांनी इथल्या पोरांना डॉक्टरकी शिकवायला घेतली, पुढं कुष्ठरोग्यांसाठी वेगळी सोय झाली, टीबीचं सॅनिटोरियम झालं, सांगली-मिरज रोडवरची वानलेसवाडी ती त्यांच्याच नावाची. १९२८ ला त्यांना सर ही पदवी मिळाली. शिकून तयार झालेली माणसं गावात आणि आसपास पसरली, कोणी स्वतःचा दवाखाना टाकला, त्याच्या शेजारी मेडिकल, मग लॅब, मग लॉज, मग पेशंटच्या नातेवाइकांना डबा देणाऱ्या खानावळी. १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेजही इथंच आलं.

दुसरं कारण रेल्वे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारही बाजूंनी रूळ येऊन मिळतात ते मिरज जंक्शनला. डॉक्टर कितीही चांगला असला तरी पेशंट त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे ना, बैलगाडीतनं किती पोचणार. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन जी ट्रेन गेली ती पण मिरजेतूनच निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा स्टेशनवर बघायला गेलो होतो. जिथं आयुष्यभर आजारी माणसं उतरताना बघितली त्याच स्टेशनातून तहानलेल्या जिल्ह्याला पाणी निघालं होतं, अंगावर काटा आला होता.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. मिरजेची दुसरी ओळख म्हणजे संगीत, आणि लोक या दोन ओळखी वेगवेगळ्या धरतात. त्या वेगळ्या नाहीतच! कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्यानं गेले, उपचारासाठी त्याला मिरजेला डॉ. भडभड्यांकडे आणलं, दृष्टी काही पूर्ववत झाली नाही पण इथंच तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला लागला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर, पुढं मोठे गायक झालेले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीताची शाळा काढणारे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगनं आजारी असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, असं गावात सांगतात. ते इथलेच झाले, १९३७ ला गेले ते दक्षिणेत प्रवासात, पण दफन मिरजेच्या दर्ग्यातच. आणि नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, त्यांच्या कानाच्या दुखण्यासाठी शाहू महाराजांनी त्यांना मिरजेला मिशनमध्ये पाठवलं होतं असं सांगितलं जातं. १९०५ ला ते पहिल्यांदा शकुंतला म्हणून रंगमंचावर उभे राहिले ते मिरजेतल्याच हंसप्रभा थिएटरात, त्याच जागेवर आज बालगंधर्व नाट्यगृह आहे. डोळे, प्लेग, कान. तिघंही दुखणं घेऊन आले आणि गाणं घेऊन गेले, किंवा इथंच राहिले.

  

तेव्हा तुम्ही पेशंटला घेऊन मिरजेला आलात ना, तर दुपारी भेटायची वेळ संपली की कॅन्टीनच्या बाकड्यावर बसून राहू नका. सतारमेकर गल्लीत जा. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी माणसं, तलवारींचं काम संपलं तशी त्यातली काही घरं सतार-तंबोऱ्यासारखी तंतुवाद्यं बनवण्याकडे वळली, पिढ्यान् पिढ्या तेच चाललंय. दुकानात वर वाळलेले भोपळे टांगलेले असतात, खाली एखादे चाचा घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस फिरवत बसलेले असतात, जवारी काढतायत, म्हणजे तारेचा आवाज गुंजेल अशी घोडी घासतायत. दोनदा घासायचं, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, परत घासायचं. ऐकत उभं राहिलं तर कोणी हाकलत नाही. मी माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी तिथं तासभर उभा होतो, आत काय चाललंय काही कळत नव्हतं आणि घरी थांबवत नव्हतं. चाचांनी नाव-गाव काही विचारलं नाही, फक्त स्टूल पुढं सरकवलं आणि तंबोरा माझ्या कानाशी धरून म्हणाले, "बघा, लागला का?"