चिठ्ठीची मुदत संपली, म्हणून औषध थांबू नये

अमेरिकेतील ओहायो राज्यात ‘केव्हिन्स लॉ’ या नावाने ओळखला जाणारा एक कायदा आहे. तो का करावा लागला, हे औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक फार्मासिस्टने जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. केव्हिन हाउडशेल हा टाइप-1 मधुमेह असलेला 36 वर्षांचा तरुण 2013 च्या अखेरीस, नववर्षाच्या सुट्टीच्या तोंडावर, इन्सुलिन आणायला गेला, तेव्हा त्याच्या प्रिस्क्रिप्शनची मुदत संपलेली होती. डॉक्टरांकडे फोन करूनही नवे प्रिस्क्रिप्शन वेळेत मिळाले नाही आणि जानेवारी 2014 मध्ये कीटोॲसिडोसिसने त्याचा मृत्यू झाला. टाइप-1 मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. बाहेरून मिळणारे थांबले की पेशींना साखर वापरता येत नाही, चरबीच्या ज्वलनातून रक्तात कीटोन साचतात, रक्ताची आम्लता वाढते आणि काही दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, प्रकरण जिवावर बेतते.

यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की, अडचणीच्या वेळी 72 तासांपुरते औषध देण्याची मुभा ओहायोच्या कायद्यात तेव्हाही होती. पण इन्सुलिनच्या सर्वसाधारण पेनमध्ये (पेनच्या आकाराच्या इंजेक्शनमध्ये) 3 मिलिलिटर, म्हणजे 300 युनिट औषध सीलबंद असते. दिवसाला 40 युनिट घेणाऱ्या रुग्णाला तीन दिवसांसाठी 120 युनिट लागतात आणि तेवढेच काढून देणे कोणत्याही दुकानदाराला शक्य नसते. गोळ्या मोजून देता येतात, पेन तोडता येत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर बहुधा फक्त गोळ्याच असाव्यात. केव्हिनच्या आईवडिलांनी हा विषय लावून धरला आणि डिसेंबर 2015 मध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांच्या सहीने सुधारित कायदा झाला. दुकानाकडे त्या रुग्णाच्या आधीच्या प्रिस्क्रिप्शनची नोंद असेल, डॉक्टरांशी संपर्क होत नसेल आणि औषध न मिळाल्याने अपाय होण्याची शक्यता असेल, तर फार्मासिस्ट स्वतःच्या व्यावसायिक निर्णयावर 30 दिवसांपर्यंतचे औषध देऊ शकतो, अशी तरतूद त्याने केली. पुढे इतर अनेक राज्यांनीही असेच कायदे केले.

ब्रिटनमध्ये 2012 च्या ह्यूमन मेडिसिन्स रेग्युलेशन्समध्ये अशीच व्यवस्था आहे. फार्मासिस्टने रुग्णाशी स्वतः बोलून खरोखरच तातडी आहे याची खात्री करायची, औषध पूर्वी डॉक्टरांनी दिलेले होते हे पाहायचे, जास्तीत जास्त 30 दिवसांचा पुरवठा करायचा आणि कारणासह नोंद ठेवायची. इन्सुलिन किंवा इनहेलर असेल तर उपलब्ध असलेले सर्वांत लहान पॅक द्यायचे. मॉर्फिनसारखी औषधे मात्र या सवलतीत येत नाहीत.

आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. 1945 च्या औषध नियमांतील नियम 65 नुसार शेड्यूल एच, एच-1 आणि एक्स या याद्यांमधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. तातडीच्या पुरवठ्याची वेगळी तरतूद त्यात नाही. व्यवहारात मात्र कोणत्याही गल्लीतल्या मेडिकलमध्ये जुनी स्ट्रिप दाखवली की बीपीची गोळी मिळते. ‘आपल्याकडे कोणी अडून राहत नाही’ असे यावर समाधानाने म्हटले जाते, आणि ते मला मान्य नाही. ब्रिटनमधला फार्मासिस्ट औषध देतो तेव्हा तो निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी नोंदवहीत लिहून ठेवतो. आपल्याकडे काउंटरवरचा मुलगा स्ट्रिप देतो तेव्हा प्रश्न विचारला जात नाही आणि नोंदही राहत नाही.

हे किती धोक्याचे आहे ते कापलेल्या स्ट्रिपवरून कळते. आपल्याकडे दहाची स्ट्रिप कात्रीने कापून चार-पाच गोळ्या सर्रास दिल्या जातात. रुग्ण पुढच्या वेळी तो तुकडा घेऊन येतो, तेव्हा त्यावर कधी नावाची शेवटची तीन अक्षरे उरलेली असतात, कधी नाव असते पण मिलिग्रॅमचा आकडा कापला गेलेला असतो, आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलेली असते. मग गोळीचा रंग आणि आकार पाहून अंदाज बांधला जातो. फिटच्या औषधात असा अंदाज चुकला तर रुग्णाला झटका येऊ शकतो.

सगळी औषधे सारख्याच तातडीची नसतात, हेही नियमात उतरायला हवे. थायरॉक्सिन शरीरात दीर्घकाळ टिकते. एक-दोन दिवस चुकले तर सहसा आकाश कोसळत नाही. फिटची औषधे, बीपीचे क्लोनिडिन, बीपी-हृदयविकारातले बीटा ब्लॉकर, दीर्घकाळ चाललेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा स्टेंट बसवल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेले क्लोपिडोग्रेल अचानक थांबवणे मात्र घातक ठरू शकते. अशा औषधांची यादी करून, नोंदणीकृत फार्मासिस्टलाच, मर्यादित दिवसांसाठी आणि डॉक्टरांना कळवण्याच्या अटीवर अधिकार द्यावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट फक्त भिंतीवरच्या प्रमाणपत्रापुरता असलेल्या दुकानांना हा अधिकार मिळू नये, हे ओघानेच आले.

तोपर्यंत सध्याच्या नियमातली एक सोय तरी आपण वापरावी. चिठ्ठीवर औषध किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा द्यावे, हे डॉक्टर लिहू शकतात आणि तसे लिहिले असेल तर दुकानदाराला ते त्याच चिठ्ठीवर कायदेशीरपणे देता येते. कायमची औषधे घेणाऱ्यांनी पुढच्या तपासणीच्या वेळी ही ओळ डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्यावी, आणि मूळ चिठ्ठी जपून ठेवावी, कारण प्रत्येक वेळी औषध देताना दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख त्याच कागदावर नोंदवायची असते.