तुम्ही विचारलंत म्हणून: अशा ठिकाणी मी का जाते

लग्नाच्या हॉलवर दुपारी तीनच्या सुमाराला शेवटच्या पंगती उठत आल्या की फोटोग्राफरला एकदाची खुर्ची मिळते, ताटात गार झालेली जिलबी मिळते आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी शेजारी येऊन बसतं. नवरीची मावशी, नाहीतर नवऱ्याचा ऑफिसमधला मित्र. हातातल्या मोबाईलवर माझंच इन्स्टा उघडलेलं. "मॅडम, लग्नाचे फोटो मस्तच आहेत हो, पण हे मधेच काय, पडकी घरं, दरडी, ओसाड गावं... अशा ठिकाणी कशाला जाता तुम्ही?" काहीजण पुढे "भीती नाही वाटत?" पण विचारतात, आणि एका काकूंनी तर घरी आल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाकत जा असं मनापासून सांगितलं होतं. तिथे मी थातूरमातूर काहीतरी बोलून वेळ मारून नेते कारण पाठवणी तोंडावर असते आणि फ्लॅशच्या बॅटऱ्या बदलायच्या असतात. आज सीझन संपलाय, निवांत आहे, म्हणून लिहिते.

आधी एक कबुली. यात समाजसेवा वगैरे काही नाही. पेट्रोल माझं, टोल माझा, फोटो कुणी विकत घेत नाही. बघायची ओढ असते हे खरं आहे आणि ती ओढ काही फार चांगली गोष्ट आहे असं मला स्वतःलाही वाटत नाही.

सुरुवात बहुतेक आजीमुळे झाली. नारायण पेठेत आमचा भाड्याचा वाडा होता, आजीचं सगळं कॅलेंडर दोन भागांत, पुराच्या आधी आणि पुरानंतर. म्हणजे १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं, ते सकाळी फुटलं, त्या लोंढ्यानं खाली खडकवासलाही गेलं आणि सगळं पाणी पुण्यात. तुझी आत्या पुरानंतरची, हा पितळी डबा पुराच्या आधीचा, अशी तिची भाषा. वाड्याच्या लाकडी जिन्यावर ती एका पायरीवर उभी राहून हात वर करायची आणि म्हणायची, "इथवर." बस, एवढंच. मी लहानपणी त्या पायरीवरून उडी मारून जायचे. पुढे वाडा बिल्डरला गेला, जिना गेला, आजी गेली. त्या जिन्याचा आमच्या घरात एकही फोटो नाही. घरात फोटोग्राफर असून नाही, म्हणजे तेव्हा मी अकरावीत होते आणि कॅमेरा नव्हता, पण तरी.

आता माळीण. हे सांगायला जड जातं पण तुम्ही विचारलंत तर हेही आलंच. ३० जुलै २०१४ ला पहाटे आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला, १५१ माणसं गेली. सकाळी एसटी नेहमीसारखी तिथे पोचली तर गाव जागेवर नाही, आणि त्या ड्रायव्हरनं कळवलं तेव्हा बाहेर समजलं. मी गेले ऑगस्टच्या मध्यात, शोधकाम थांबल्यावर, एका न्यूज फोटोग्राफर मित्राच्या मागे बसून. तेव्हा मला वाटायचं की आपण काहीतरी महत्त्वाचं करतोय. चिखलात एक स्टीलचा डबा अर्धा रुतलेला होता, झाकण नव्हतं, आणि त्यावर नाव घातलेलं होतं, आपल्याकडे लग्नात भांड्यावर घालतात तसं, टिंब टिंब करून. मी गुडघ्यावर बसून त्याचा फोटो काढला. फोकस बरोब्बर नावावर, मागे डोंगराचा तो लाल ओरखडा आउट ऑफ फोकस. फोटो म्हणून आजही चांगला आहे. फेसबुकवर टाकला, लोकांनी धडाधड शेअर केला, मी खूश. तिसऱ्या दिवशी इनबॉक्सला मेसेज आला, "ताई तो डबा माझ्या मावशीचा आहे. कुठे दिसला? आणता येईल का?"

मला कुठे ते सांगता येईना. मी फोटो काढला आणि पुढे गेले होते. डबा उचलून कुणाच्या तरी हातात द्यावा हे डोक्यातच आलं नव्हतं. फोटो काढून टाकला, माफी मागितली, त्या मुलीनं "ठीक आहे ताई" लिहिलं आणि संपलं. तिच्यासाठी संपलं का ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी उशिरा जायला लागले. म्हणजे दहा वर्षांनी, तीस वर्षांनी. वर्षश्राद्धाच्या तारखेला तर मुळीच नाही, त्या दिवशी पुढारी असतात, हार असतात, चॅनेलवाले असतात आणि गावातली माणसं इस्त्रीचे कपडे घालून उभी असतात. मधल्या कुठल्यातरी मंगळवारी जायचं. पहिला तासभर कॅमेरा गाडीत. कुणी भेटलं तर बोलायचं, नाही भेटलं तर बसायचं.

आणि उशिरा गेलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की तिथे फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि आणखी एक गाडी घेऊन गेला. आता तिथे चकाचक नवा पूल आहे, १६५ दिवसांत बांधला, गोव्याला जाणारी पोरं गाणी लावून सत्तर-ऐंशीच्या स्पीडनं जातात आणि खाली सावित्री उन्हाळ्यात इतकी गरीब दिसते की दोन बस हिनं गिळल्या यावर विश्वास बसत नाही. रामदास बोटीचं तर त्याहून अवघड. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं बुडाली, आणि महिन्याभरात स्वातंत्र्य आलं. आता काय समुद्राचा फोटो काढायचा? मी रेवसच्या धक्क्यावर दोन तास बसले, बोट लागली, उतरली माणसं, कोंबड्या, एक फ्रिज, भरली परत. शेवटी बोटीची वाट बघणाऱ्यांच्या नुसत्या पाठी काढल्या. बरा आला तो फोटो.

धनुष्कोडीला नवऱ्याला घेऊन गेले होते, पुण्याहून तीन दिवस ड्रायव्हिंग. १९६४ च्या डिसेंबरात २२ तारखेच्या रात्री वादळाची लाट आली, पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गेली, गाव गेलं, सरकारनं नंतर राहायला अयोग्य म्हणून जाहीर केलं. आता तिथे डांबरी रस्ता आहे, पडक्या चर्चसमोर शंखशिंपल्यांच्या माळा, तळलेले मासे, आणि सेल्फी. मला राग आला होता. मग नवरा म्हणाला, "तू तरी काय करतेयस?" तीन दिवस शेजारी बसून गाडी चालवलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. आणि नंतर वाटलं, माळा विकणाऱ्या बायका तिथल्याच, त्यांची पोटं त्यावर आहेत, माझ्या गंभीर चेहऱ्यावर नाहीत.

पण मला सांगायचंय ते किल्लारीचं.

२०२२ च्या नोव्हेंबरात गेले. सोलापूर, नळदुर्ग, मग लोहारा-सास्तूरच्या बाजूनं आत, दोन्हीकडे तूर उभी. भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन करून दमून झोपलेली माणसं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून किती गेले त्याचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळे सांगतात. आदल्या वर्षीपासून तिथे धक्के बसत होते, लोक सांगत होते, पण दख्खनचा खडक पक्का, इथे मोठा भूकंप होत नाही असाच सगळ्यांचा समज.

आणि मारलं कुणी तर घरांनी. हे मला तिथे जाईपर्यंत नीट समजलं नव्हतं. तिकडची जुनी घरं माळवदाची. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, आत-बाहेर दोन थर आणि मधे नुसता भराव, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं घर म्हणजे स्वर्ग. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती टाकायची, म्हणजे दर वर्षी छप्पर थोडं थोडं जड. बापानं टाकली, आज्यानं टाकली. काळजीनं टाकलेली माती.

जुन्या गावठाणात बाभळी आणि बोरी माजल्यात, मधे दगडांचे ढीग. एकजण शेळ्या चारत होता, पन्नाशीचा असेल.

"काय हुडकायलाव बाई?"

"जुनं गाव बघतेय."

"बघा की. हाय काय तितं?" मग थोडा वेळ माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "तुमी हुबं हाव ना, ती आमच्या चुलत्याची ढाळज."

ढाळज म्हणजे दाराजवळची बसायची जागा. मी टुणकन बाजूला झाले. तो हसला. "ऱ्हावा की. आता काय."

त्यानंच नव्या गावात घरी नेलं. बावन्न गावं अशी पूर्ण उठवून नवीन जागी वसवली, सरळ रेषेत रस्ते, आणि घर किती मोठं ते जमिनीवर ठरलं, भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मग चारशे, मग साडेसातशे. घर पक्कं, सिमेंटचं. पण त्याची आई झोपते पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाजेवर, थंडीतसुद्धा. तो म्हणाला, आत यायलाच तयार होत नाही, एकोणतीस वर्षं झाली.

चहा झाल्यावर आजींनी सुनेला ट्रंक उघडायला लावली. कापडात गुंडाळलेली एक फ्रेम. थोरल्या मुलाच्या लग्नाचा फोटो, घराच्या दारात काढलेला, १९८८ चा. ढिगाऱ्यातून मिळाला होता. पावसाचं पाणी जाऊन फोटो काचेला चिकटलेला आणि डाव्या अंगानं बुरशी चढलेली, त्या बाजूच्या चार-पाच माणसांना चेहरेच राहिलेले नाहीत. नवरा-नवरी दोघंही भूकंपात गेलेली. आजी म्हणाल्या, "ह्याचा दुसरा काढून देतीस का?"

असा फोटो काचेवरून ओढायला गेलात तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात कागद येतो, म्हणून काचेवरूनच काढायचा. फ्रेम बाजेवर ठेवली, उजेड एका बाजूनं घेतला, रिफ्लेक्शन येऊ नये म्हणून सुनेला माझ्या डोक्यावर काळी ओढणी धरून उभं केलं. दहा-बारा काढले. स्क्रीनवर मोठा करून दाखवला आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, आजी, या डावीकडच्यांचे चेहरे काही येणार नाहीत हं.

तर त्या म्हणाल्या, "माणसं ऱ्हाऊ दे. माणसं ध्यानात हायती सगळी. मागचं दार नीट यायलंय का बघ. घर इसरायलंय मला."

मग मी दार बघितलं. तोवर बघितलंच नव्हतं. कमान, कमानीच्या दोन बाजूंना दिव्याचे कोनाडे, चौकटीवर कोरलेली कसलीशी वेल, उंबऱ्याला पितळी फुल्या. आजी बोटानं सांगत होत्या, हितं माझा कंदील असायचा, हितनं आत गेलं की बळद, म्हणजे धान्य साठवायची जागा. बोट काचेच्याही बाहेर गेलं, बाजेवर, गोधडीवर, आणि तिथे त्यांचं सैपाकघर होतं.

त्यांच्या गल्लीत आणखी तिघा-चौघांनी विचारलं, जुन्या गावाचा फोटो हाय का कुटं? हेच विचारलं. किल्लारीचे फोटो काय कमी आहेत? देशातले आले, परदेशातले आले, सगळ्यांनी काढले, पण सगळे तीस सप्टेंबरनंतरचे. २९ तारखेपर्यंत त्या गावात फोटो काढण्यासारखं कुणाला काही वाटलंच नाही. लग्नाला उमरग्याहून की कुठून एक फोटोग्राफर यायचा आणि त्याच्या फोटोत माणसांच्या मागे चुकून जेवढं घर आलं तेवढंच राहिलं. माझ्याच धंद्यातला माणूस.

तर आता माझ्या ट्रिपा थोड्या बदलल्यात. जायचं तिकडे जातेच, पण जाताना वाटेत गाडी फार थांबते. जिथे काहीच झालेलं नाही अशा गावात उतरते आणि उभी घरं काढते, माळवद, ढाळज, चुलीमागची काळी भिंत, कोकणाकडे गेले तर पडवी आणि न्हाणीघर. लोक हैराण होतात. तुळजापूरकडच्या एका गावात एक काका कळवळून म्हणाले, "अहो बाई, हे पडायला आलंय, तिकडं आमच्या पुतण्याचा बंगला हाय, टाईल लावलेला, तो काढा की." काढला तोही. त्यांना आणि पुतण्याला पाठवला.

आणि लग्नातही काढते. वधूवरांच्या घरी हळदीला गेले की दहा मिनिटं माणसं सोडून घर. दार, जिना, ओट्यावरचे डबे, देवघर. मागच्या मे महिन्यात एका मुलाच्या वडिलांचा अल्बम सिलेक्शनच्या वेळी फोन आला, "मॅडम, ते जिन्याचे तीन फोटो काय चुकून आलेत का? ते काढा आणि तिथे मामा लोकांचा ग्रुप टाका." अल्बममधून काढले, मामा टाकले. मामा बारा होते, दोन पानं गेली. जिन्याचे तीन मी पेनड्राईव्हमध्ये 'घर' नावाचा वेगळा फोल्डर करून दिलेत. त्याबद्दल अजून कुणी काही विचारलेलं नाही.