आमची वाटचाल : उसाच्या फडापासून वेल्डिंगच्या शेडपर्यंत

माझा जन्म सांगली जिल्ह्यात उसाच्या फडाशेजारी, पाचटाने शाकारलेल्या कोपीत झाला. आमचे गाव मात्र बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन आई-वडील ऊसतोडीला निघत आणि चैत्राच्या उन्हात परतत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि त्यातले एक जण आजारी पडले तरी खाडा धरून पैसे कापले जातात, त्यामुळे मी दहा दिवसांचा असताना आई पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली. हंगाम संपला तरी उचल फिटत नसे आणि राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या नावावर चढत असे.

सातवीपर्यंत माझे निम्मे शालेय वर्ष फडातच जाई. आठवीला आईने मला आजीपाशी गावीच ठेवले. मदतीचा हात कमी झाला म्हणून त्या वर्षी उचल कमी मिळाली, तरी तिने निर्णय फिरवला नाही. माझ्या धैर्याची सुरुवात मी तिथून मोजतो.

पुढे आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड केला, काही वर्षे चाकणला नोकरी केली आणि 2015 मध्ये मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटातून 50 हजार रुपयांचे कर्ज घेऊन गावाजवळ रस्त्याकडेला पत्र्याची शेड उभारली. नेमके ते वर्ष दुष्काळाचे निघाले. लोखंडी गेट करून घ्यायला कुणाकडेच पैसा नव्हता आणि पहिले हप्ते आईने शेळ्या विकून भरले. मग गावोगाव पाण्याचे टँकर धावू लागले आणि खडबडीत रस्त्यांवर त्यांच्या टाक्या सांध्यांतून गळू लागल्या. रात्री टाकी रिकामी होताच ती जोडायची आणि पहाटेच्या खेपेला गाडी तयार ठेवायची, हे काम आम्ही अंगावर घेतले. ज्या दुष्काळांनी माझ्या आधीच्या दोन पिढ्यांना फडावर धाडले, तशाच एका दुष्काळात आमची शेड तगली, याचा आनंद मला आजही निर्भेळपणे घेता येत नाही.

आज शेडमध्ये चौघे काम करतात. त्यांपैकी तिघे ऊसतोड कुटुंबांतले आहेत. पगार दर शनिवारी होतो. अडीअडचणीला आगाऊ रक्कमही देतो, परंतु ती फिटेपर्यंत काम सोडायचे नाही, अशी अट कधीही घालत नाही. एक जण अशी रक्कम बाकी ठेवून पुण्याला गेला, ती अजून परत आलेली नाही. तरीही नियम तोच आहे.

ऊसतोडीच्या 'डोकी सेंटर' या पद्धतीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढावे लागते. दवाने निसरड्या झालेल्या फळीवरून बाया पडताना मी लहानपणी पाहिले आहे. म्हणून गेल्या वर्षी आम्ही आडव्या पट्ट्यांची, एका बाजूला हाताला धरायला पाइप असलेली लोखंडी शिडी बनवली. आईने ती दोनदा चढून पाहिली आणि म्हणाली, "डोक्यावर मोळी असल्यावर खालचं दिसत न्हाई, पट्ट्या जवळ जवळ घे." बारा इंचांवरच्या पट्ट्या आम्ही आठ इंचांवर आणल्या. त्या मापाच्या सहा शिड्या यंदा गावच्या टोळीबरोबर फडावर गेल्या आहेत.