तुम्ही विचारलंत म्हणून: अनुभवपत्र अडवलं तर?

"नोकरी सोडायचीय, पण साहेब म्हणतात, एक्स्पिरिअन्स लेटर कसं मिळतं ते बघतोच. तुम्ही कशा सुटलात?" हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते.

हीच धमकी ऐकून मी पाच महिने गप्प बसले. सगळ्यांसमोर बोलणी खायची, रविवारी रात्रीच पोटात गोळा यायचा. मग एकदा करारनामा काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. (सही करताना कोण वाचतं!) वर नाव मला त्या कंपनीत कामाला लावणाऱ्या एजन्सीचं. नेमणूक तिची, पगार तिचा, म्हणजे पत्रही तिनेच द्यायचं. ज्या साहेबांना मी घाबरत होते, ते कागदोपत्री माझे मालकच नव्हते! शिवाय कराराची मुदत सात आठवड्यांत संपत होती. राजीनामा हवाच कशाला? रिन्यूअलला नाही म्हणायचं.

तोवर तोंडातून चकार शब्द काढला नाही, कागद जमवले. नेमणूकपत्र, मुदतवाढीची पत्रं, प्रत्येक महिन्याची पेस्लिप, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, कर कापल्याचा दाखला. सगळं स्वतःजवळ, कारण तुम्ही निघताय हे कळलं की लॉगिन कधीही बंद होतं. कंपनीच्या फायलींना, ग्राहकांच्या माहितीला मात्र हात लावला नाही. तुम्हीही लावू नका, त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळेल.

मग एजन्सीला चार ओळींचा मेल, साहेबांना प्रत: शेवटचा दिवस अमुक, काम अमक्याकडे सोपवते, कृपया लेखी कळवा. तक्रारीचा लांबलचक मेलही लिहिला होता. तो ड्राफ्टमध्येच राहिला.

त्रास असह्य असेल तर मुदतीची वाट बघू नका, नोटिशीचं कलम वाचून त्याप्रमाणे निघा. पण रागाच्या भरात उद्यापासून जाणंच बंद, असं करू नका. 'न कळवता गैरहजर' हा शेरा खोडून घेताना दमछाक होते. नव्या ठिकाणचे लोक जुन्या कंपनीला बहुतेकदा पद आणि तारखा विचारतात.

माझं पत्र तीनदा आठवण करून दिल्यावर आलं. तोवर नव्या कंपनीने पेस्लिपा आणि स्टेटमेंट बघून मला रुजूही करून घेतलं होतं. पत्रात रुजू झाल्याची तारीख चुकलेली. परत पाठवून दुरुस्त करून घेतली. तेवढं मात्र हातात पडल्या पडल्या तपासा.