तुम्ही विचारलंत म्हणून : कुठल्या व्हिटॅमिननं वजन उतरतं?

मी डाएटिशियन आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, वजन उतरायला कुठलं व्हिटॅमिन घेऊ? विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि बऱ्याचदा बाटली आधीच घेऊन झालेली असते, माझा फक्त होकार हवा असतो. तर एकदाचं लिहूनच टाकते.

कुठलंच नाही. बी ग्रुपची व्हिटॅमिन्स खाल्लेल्या अन्नातून एनर्जी काढायच्या कामात मदत करतात हे खरंय, आणि जाहिरातवाले नेमकं तेवढंच उचलतात आणि 'मेटॅबॉलिझम बूस्टर' म्हणून खपवतात. पण शरीराला लागतात तेवढी मिळाली की विषय संपला, त्याच्यावर कितीही घेतली तरी चरबी जास्त जळत नाही, बरीचशी लघवीवाटे निघून जातात. गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, ते बी 2, घाबरू नका.

आता डी. हे प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण वजन जास्त असलेल्या बाईचा रिपोर्ट काढला की डी कमी निघण्याची शक्यता खरंच जास्त असते, मग तिला वाटतं की डी कमी म्हणूनच माझं वजन वाढलं, ते भरून काढलं की उतरेल. वाटणं साहजिक आहे पण मामला उलटा आहे. डी चरबीत विरघळतं, त्यामुळे अंगावर चरबी जास्त असली की ते तिकडे पसरतं आणि रक्तात कमी दिसतं. 2013 मध्ये जनुकांवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच निघालं, वजन वाढतं तसं डी उतरतं, डी कमी असल्यामुळे वजन वाढतं असं काही दिसलं नाही.

बरं, गोळ्या देऊन बघितलंय का कोणी, तर तेही झालंय. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह म्हणून भलंमोठं काम झालं, त्यात पाळी गेलेल्या 36 हजारांवर बायका होत्या, निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 युनिट डी, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि हे सरासरी 7 वर्षं. शेवटी वजनातला फरक किती, तर 0.13 किलो. 130 ग्रॅम हो! एक ग्लास पाणी प्यायलात तरी काटा त्याहून जास्त हलतो. डोस कमी होता म्हणाल तर 2014 चा एक अभ्यास आहे, डी कमी असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या बायका, वर्षभर सगळ्यांना डाएट आणि व्यायाम, शिवाय निम्म्यांना रोज 2000 युनिट डी. दोन्हीकडे सरासरी 7 किलोच्या वर वजन उतरलं, गोळीवाल्यांचं वेगळं काही नाही. काम कोणी केलं ते तुम्हीच बघा.

म्हणजे गोळ्या फेकून द्या असं नाही हं. डी कमी असेल तर हाडांसाठी ते भरून काढायलाच हवं, आणि वजन जास्त असेल तर डॉक्टर डोसही बऱ्याचदा वाढवून देतात, फक्त तो आपल्या मनानं वाढवायचा नाही, डी अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनीला त्रास होतो. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास) किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर बी 12 बघत राहा, वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं. ऑर्लिस्टॅट, म्हणजे खाल्लेली चरबी अंगी लागू न देणारं वजनाचं औषध, घेणाऱ्यांचं ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी व्हिटॅमिन्स नीट शोषली जात नाहीत, त्यांनी मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्यावं. बेरिॲट्रिक सर्जरी (वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन) झाली असेल तर सप्लिमेंट जन्मभर, तिथे टाळाटाळ नको. गोळी लागू पडली का हे ब्लड रिपोर्टवर बघायचं, वजनकाट्यावर नाही.

आणि ती बाटली जरा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. पुढे मोठ्ठ्या अक्षरात 'स्लिम' लिहिलेलं असतं आणि मागे ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, कॅफीन असलं काय काय, गमीज असतील तर वर साखर. एका बाटलीवर तर बायोटिन (हेही बी ग्रुपचंच व्हिटॅमिन) 5000 मायक्रोग्रॅम होतं, दिवसाची गरज 30 च्या आसपास असताना! केसांसाठी म्हणून कोणी घेईलही, पण एवढ्या बायोटिननं थायरॉइडची टेस्ट गंडू शकते. काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच (थायरॉइड मंद असलं की चढतं ते) खोटंच कमी आणि टी 4 (थायरॉइडचं हार्मोन) खोटंच जास्त येतं, मग ज्या बाईचं थायरॉइड खरंच मंद आहे तिचा रिपोर्ट छान दिसतो, किंवा चालू असलेली थायरॉइडची गोळी उगाच कमी केली जाते. वजन वाढलं की पहिली टेस्ट थायरॉइडचीच सांगतात, त्यामुळे रक्त द्यायच्या आधी बायोटिन घेतेय हे डॉक्टरांना सांगा, साधारण 2 दिवस आधी बंद करायला सांगतात, डोस फार मोठा असेल तर जास्तही.