संशोधकांच्या दूरदृश्य बैठका आणि रात्रीची घरची लाइन

जिनिव्हात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा सोलापुरात, तिकडची उन्हाळी वेळ चालू असेल तर रात्रीचे साडेआठ आणि नसेल तर साडेनऊ वाजलेले असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात त्याच वेळी सकाळचे नऊ असतात. युरोप, अमेरिका आणि भारत अशा तिन्ही ठिकाणच्या संशोधकांना एकत्र बसायचे असेल, तर कामाच्या वेळात दोघांचीच सोय होते आणि भारताच्या वाट्याला रात्र येते. पर्जन्यछायेतील ढग आणि हवेतील धूलिकण यांच्या नोंदींवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटात मी सोलापुरातून सहभागी होते आणि तेथील बहुतेक चर्चा इंटरनेटवरील व्हिडिओ बैठकांतूनच होते. या बैठका कोणत्या प्रणालीवर आणि कशा घ्याव्यात, याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे: प्रणालीची परीक्षा संस्थेच्या सभागृहातील वेगवान जोडणीवर न करता रात्री घरी बसलेल्या, सर्वांत कमकुवत लाइनवरच्या सदस्याकडे काय पोहोचते यावरून केली पाहिजे.

हे म्हणण्यामागे कारण आहे. आपल्या देशात संशोधन संस्थांसाठी २०१० साली मंजूर झालेले राष्ट्रीय ज्ञान जाळे आहे, त्याआधीपासून शिक्षण आणि संशोधन संस्थांचे अर्नेट हे जाळे आहे, आणि युरोपातील संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्यांशीही आपली जोडणी आहे. ही जाळी खरोखर चांगली आहेत; परंतु ती संस्थेच्या आवारात येऊन थांबतात. रात्री साडेनऊ वाजता प्रयोगशाळेला कुलूप असते आणि संशोधक अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा विजापूर रस्त्यावरच्या आपल्या घरी असतो. तेव्हा त्याच्या हाती घरचे वायफाय किंवा मोबाइलचे नेट एवढेच उरते, आणि त्याच लाइनवर घरातील इतर मंडळी क्रिकेटचा सामनाही पाहत असतात.

अशा लाइनवर सर्वांत आधी काय वाचवायचे, याचे उत्तर या तंत्राच्या इतिहासातच आहे. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांची बैठक भरली होती. ती एमबोन या प्रायोगिक जाळ्यावरून जगभरातील २० ठिकाणी पोहोचवली गेली, आणि तो केवळ आवाज होता. चित्र नंतर आले. पुढे १९९७ पासून अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेने जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतील कणभौतिकीच्या गटांसाठी व्हीआरव्हीएस ही प्रणाली चालवली. तिच्यात निरनिराळ्या देशांत ‘रिफ्लेक्टर’ नावाचे सर्व्हर ठेवलेले असत. सदस्याने आपल्या जवळच्या सर्व्हरला जोडून घ्यायचे आणि पुढची वाहतूक सर्व्हरांनी आपसांत करायची, अशी तिची रचना होती. आज आपण वापरतो त्या बहुतेक प्रणालींत थोड्याफार फरकाने हेच तत्त्व आहे. मधला सर्व्हर टपाल कार्यालयातील वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखे काम करतो: आलेली पाकिटे, म्हणजे आवाजाचे आणि चित्राचे लहान तुकडे, उघडून मजकूर नव्याने लिहीत बसत नाही, कोणाला कोणते पाकीट द्यायचे एवढेच ठरवतो. प्रत्येक सदस्य आपले चित्र मोठ्या आणि लहान अशा दोन-तीन आकारांत पाठवतो आणि ज्याची लाइन अरुंद असेल त्याच्याकडे सर्व्हर लहान आकाराचे चित्र पुढे ढकलतो. त्यामुळे एका अशक्त जोडणीपायी सर्वांचे चित्र खराब होत नाही.

लाइनवर लागणाऱ्या जागेचा हिशेब पाहिला तर आवाजाची मागणी फारच थोडी आहे. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओपस या ध्वनिसंकेत पद्धतीने सेकंदाला २४ ते ३२ किलोबिटांत बोलणे अगदी स्पष्ट ऐकू येते. चांगल्या प्रतीच्या चित्राला मात्र त्याच्या कितीतरी पट, म्हणजे सेकंदाला एखादा मेगाबिट किंवा त्याहून अधिक लागतो. ओपसमध्ये आणखी एक सोय आहे: पुढच्या पाकिटासोबत मागच्या पाकिटातील आवाजाची हलकी प्रत पाठवता येते, त्यामुळे मधले एखादे पाकीट वाटेत हरवले तरी शब्द तुटत नाही. एवढे असूनही जी प्रणाली अडचणीच्या वेळी चित्र टिकवण्यासाठी आवाज तुटू देते, ती संशोधनाच्या कामाची नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. समोरच्याचा चेहरा दोन मिनिटे गोठला तरी चर्चेचे काही बिघडत नाही. ‘नाही’ हा शब्द ऐकू आला नाही तर पूर्ण निष्कर्ष उलटा नोंदवला जाऊ शकतो.

आवाज तुटण्याचे एक कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. आवाज आणि चित्र शक्यतो यूडीपी या पद्धतीने पाठवले जातात. तिच्यात हरवलेल्या पाकिटाची वाट पाहिली जात नाही. पुष्कळ महाविद्यालयांच्या आणि कार्यालयांच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे जाळ्याच्या पहारेकरी यंत्रणेत, मात्र यूडीपी सरसकट बंद असते. मग प्रणाली नाइलाजाने टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर येते, आणि तेथे एक पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागचा सगळा आवाज खोळंबतो. लाइन वेगवान, वेगाची चाचणी उत्तम, आणि तरीही बोलणे अडखळते, यामागे अनेकदा हेच असते. संगणक विभागाला भेटून आवश्यक ती दारे उघडून घेणे हे नवा कॅमेरा विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

परंतु मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते विलंबाविषयी, कारण त्याचा परिणाम तंत्रापुरता राहत नाही. काचतंतूत (ऑप्टिकल फायबरमध्ये) प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सोलापूरहून निघालेला आवाज मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाच्या केबलने अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोहोचतो; अंतरामुळे होणारा हा विलंब कोणत्याही प्रणालीला टाळता येत नाही. त्यात आवाजाचे संकेतन, सर्व्हरमधील वेळ आणि पाकिटे ओळीत लावण्यासाठी थांबलेला वेळ मिळवायचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. प्रत्यक्ष संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर साधारण २०० मिलिसेकंदच असते, असे अनेक भाषांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. याचा अर्थ असा, की जिनिव्हातील दोघे एकमेकांशी बोलत असताना जी फट पडते, ती सोलापुरात ऐकू येऊन येथून बोलायला तोंड उघडेपर्यंत तिकडे बुजलेली असते. येथील सदस्य बोलू लागतो तेव्हा तिसरे कोणीतरी बोलत असते. तो थांबतो, क्षमा मागतो, आणि असे दोन-तीनदा झाल्यावर गप्प बसतो. मग इतिवृत्तात ‘भारतीय गटाकडून काही सूचना नाहीत’ अशी नोंद होते. हुशार, अभ्यासू विद्यार्थिनी अशा बैठकांत अबोल होताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या अबोलपणाला संकोचाचे नाव दिले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो अध्यक्षस्थानी बसलेल्या व्यक्तीने पाळायचा असतो. हात वर करण्याचे बटण शोभेसाठी नसावे, बोलण्याचा क्रम त्यावरूनच लागावा; प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी दूरच्या ठिकाणांची नावे घेऊन विचारले जावे; आणि टिपणे एका सामायिक दस्तऐवजात बैठक चालू असतानाच सर्वांसमोर लिहिली जावीत, म्हणजे ज्याला मध्ये बोलता आले नाही त्याला तेथे लिहिता येईल. आलेख दाखवताना स्क्रीन शेअरमध्ये हालचालीपेक्षा स्पष्टतेला प्राधान्य देणारा पर्याय निवडावा. सेकंदाला पाच चित्रे आली तरी चालतील, अक्षावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. त्याहून चांगले म्हणजे आलेखाची फाइल आदल्या दिवशी पाठवावी.

सोलापूरचे म्हणून काही निराळे प्रश्न आहेतच. पूर्व भागात ज्यांची घरे आहेत त्यांच्या मागे यंत्रमागांचा खडखडाट असतो. पंखा किंवा कूलर यांचा एकसारखा आवाज प्रणाली सहज वेगळा काढते, कारण बोलण्यातील विरामांत तिला त्याचा अंदाज घेता येतो. मागाचा ठोक्याठोक्याने येणारा आवाज मात्र तिला तितका सहज ओळखता येत नाही, आणि तो दाबण्याच्या प्रयत्नात आपली व्यंजनेही कापली जातात. अशा घरी तोंडाजवळ माइक असलेला साधा तारेचा हेडफोन हाच खरा उपाय ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली तर राऊटर आणि काचतंतूची पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर असावीत. शिवाय फोनवरून नंबर लावून आवाजापुरते सामील होण्याची सोय असलेली प्रणाली मी नेहमी वरची मानते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्री केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले होते. अशा दिवशी शेवटी उपयोगी पडतो तो कमीत कमी जागेत मावणारा आवाज.

हा प्रश्न आपल्या भागात यापुढे वाढणार आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या आकाशात ढगांवर प्रयोग केले. त्या नोंदींचा अभ्यास एका शहरात बसून पुरा होणारा नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६ साली गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर करणाऱ्या निबंधावर एक हजाराहून अधिक नावे होती, आणि एवढ्या माणसांचे रोजचे काम अशाच बैठकांतून चालते. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन या मूलकणाविषयीचे व्याख्यान जिनिव्हात झाले तेव्हा मेलबर्नच्या परिषदेतील शास्त्रज्ञ थेट जोडणीने ते पाहत होते; त्या व्याख्यानाच्या मागे कितीतरी वर्षांच्या अशा साध्या, साप्ताहिक बैठका होत्या.

राहिला प्रश्न वेळेचा. युरोपातील घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतील मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आपली कधीच बदलत नाहीत. म्हणून मधल्या आठवड्यांत कोणीतरी हमखास तासभर आधी किंवा उशिरा येते. आमच्या गटाकडे मी दोन गोष्टी मागितल्या आहेत: वर्षाचे वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेत द्यावे, आणि दर तिसरी बैठक भारतातील दुपारी दीड वाजता, म्हणजे युरोपात सकाळी घ्यावी. त्या बैठकीला अमेरिकेतील सहकाऱ्यांना मध्यरात्र उलटल्यावर बसावे लागेल, हे मी पत्रात स्पष्ट लिहिले आहे.